तंबोऱ्याची जवारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तंबोऱ्याच्या तारा तबलीवर बसवलेल्या रुंद घोडीवरून जातात. तार छेडताच घुमणारा झंकार, म्हणजे जवारी, या घोडीच्या माथ्यावर ठरतो. संकेश्वर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील गायकांना आणि भजनी मंडळांना जवारी काढून घेण्यासाठी मिरज जवळचे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिथे तंतुवाद्ये घडवण्यास सुरुवात केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढी जुनी परंपरा शेजारी असूनही घोडीच्या माथ्याविषयी काही चुकीच्या समजुती टिकून आहेत.

झंकार सुतामुळे येतो, ही त्यातली सर्वांत पक्की समजूत. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला सुती किंवा रेशमी धागा तारेला किंचित उचलतो आणि तिचा घोडीशी होणारा स्पर्श नेमका जुळवतो, एवढेच त्याचे काम. मूळ कारण माथ्याच्या अत्यंत सौम्य उतारात आहे. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकते, सुटते आणि तिचा स्पर्शबिंदू सतत पुढेमागे सरकतो. तार बरोबर मध्यावर छेडली, तर ज्यांचा निस्पंद (न हलणारा) बिंदू मध्यावर पडतो ते स्वरांश नेहमीच्या नियमाने उमटू नयेत. तंबोऱ्यात या सरकत्या स्पर्शामुळे ते स्पष्ट उमटतात, याकडे भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये लक्ष वेधले. उतारच बिघडलेला असेल, तर सूत कितीही सरकवले तरी नाद बसत नाही.

माथा खरखरीत केला की झंकार वाढतो, हेही खरे नाही. सारंगीच्या गजाला राळ लागते. कारण तिथे नाद घर्षणातून येतो आणि पकड हवी असते. तंबोऱ्याची तार घोडीवर घासायची नसते, हलकेच टेकायची असते. म्हणून कारागीर कानशीने आकार देतो आणि शेवटी माथा गुळगुळीत करतो. अधूनमधून तार चढवून ऐकतो, पुन्हा उतरवून घासतो. मोजपट्टीने न जमणारे हे काम कानावर चालते, आणि त्यातच कारागिराची खरी कसोटी आहे.

एकदा काढलेली जवारी कायम टिकत नाही. तारांच्या दाबाने माथ्यावर खाचा पडतात, नाद आखडतो, आणि माथा पुन्हा घासावा लागतो. जवारी जितकी खुली तितकी चांगली, असेही नाही. सपाटीकडे झुकणारा माथा खुला, तेजस्वी नाद देतो. अधिक गोलाई दिली की तो बंद, शांत होतो. निवड गायकाच्या आवाजावर आणि पसंतीवर अवलंबून असते.

उत्तम नादासाठी घोडी सांबरशिंगाचीच हवी, हा आग्रहही अनाठायी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सांबरशिंगाचा व्यापार बेकायदा आहे. उंटाचे हाड किंवा कठीण लाकूड यांवरही चांगली जवारी निघते.