सर्व्हरचा प्रोसेसर, वर्कस्टेशनचा प्रोसेसर

एएमडीच्या ‘झेन ४’ पिढीतली ही दोन भावंडं. दोघांतही ९६ कोअर, १९२ थ्रेड आणि ३८४ एमबी एल-३ कॅश.

• एपिक ९६५४ (२०२२, सर्व्हर): कमाल वेग ३.७ गिगाहर्ट्झ. मेमरीचे १२ चॅनेल, ६ टीबीपर्यंत रॅम. एका मदरबोर्डवर असे दोन बसतात.

• थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स (२०२३, वर्कस्टेशन): ५.१ गिगाहर्ट्झ. ८ चॅनेल, २ टीबी. जोडी लावता येत नाही.

• कमाल वेग मोजक्या कोअरवर भार असतानाचा. सगळे कोअर कामाला लागले की दोघांचाही वेग उतरतो.

• काम कोणतं? थ्रीडी मॉडेल पडद्यावर फिरवून पाहताना बराचसा भार एकाच कोअरवर पडतो; तिथे गिगाहर्ट्झ महत्त्वाचे. तेच दृश्य रात्री रेंडरला लावलं की सगळे कोअर जुंपले जातात. हवामानाच्या मॉडेलला मात्र बहुतेकदा मेमरीचे चॅनेल आधी अपुरे पडतात.

• ईसीसी मेमरी: एका बिटची चूक आपोआप दुरुस्त करणारी. दोन्हीकडे चालते, अनेक दिवस चालणाऱ्या आकडेमोडीला ती हवीच.

• इंटेलकडेही अशीच विभागणी: ‘झिऑन’ हे नाव १९९८ पासूनचं. वर्कस्टेशनच्या चिपा ‘झिऑन डब्ल्यू’ या नावाने आल्या आहेत.