शून्य क्रमाचा ठिपका

भोसरीत किंवा चाकणमध्ये सीएनसी मशीनवर नवा जॉब चढवला की ऑपरेटर आधी वर्क झिरो सेट करतो. तो हलला तर ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप हलतं. चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीच्या वर्णपटातही असा एक शून्यबिंदू असतो. तो शोधण्याचं काम टर्मिनलवर एका ओळीत चालणारा टीजीडिटेक्ट हा प्रोग्राम करतो.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेली ही दुर्बीण 23 जुलै 1999 रोजी अवकाशात गेली. तिच्या आरशांमागे सोन्याच्या अतिसूक्ष्म पट्ट्यांची ग्रेटिंग आणता येते. पट्ट्यांचे संच दोन: एकात दर मिलिमीटरला सुमारे 5,000 पट्ट्या, दुसऱ्यात 2,500. काही किरण सरळ जाऊन ठिपका उमटवतात, तो शून्य क्रम. बाकीचे तरंगलांबीनुसार दोन्ही बाजूंना फाकतात आणि डिटेक्टरवर चपटी फुली दिसते. त्या फुलीवर तरंगलांबी कुठेच लिहिलेली नसते. ती ठिपक्यापासूनच्या अंतरावरून काढायची.

म्हणूनच ठिपका शोधण्याच्या या साध्या दिसणाऱ्या पायरीबद्दल मला फार आदर वाटतो. विरळ पट्ट्यांच्या संचात एका पिक्सेलची चूक म्हणजे 0.011 आंगस्ट्रॉम. लोहाच्या 15 आंगस्ट्रॉमजवळच्या रेषेत तेवढ्याने वायूचा वेग सेकंदाला सुमारे 220 किलोमीटरनी चुकतो. ताऱ्यावरून वाहणारा वारा आहे की नाही, हा निष्कर्षच त्यामुळे फिरू शकतो.

खरी अडचण तेजस्वी स्रोतांची. एकाच फ्रेममध्ये इतके फोटॉन कोसळतात की त्यांची वेगवेगळी नोंद होत नाही, आणि ठिपका मधोमध पोकळ दिसतो. अशा वेळी टीजी-फाइंडझेडओ हा दुसरा प्रोग्राम कामी येतो. सीसीडी वाचली जात असतानाही प्रकाश पडतच असतो, त्याची एक बारीक रेघ चित्रावर उमटते. ती रेघ आणि फुलीची एक भुजा जिथे छेदतात, तिथे शून्य. सदोष चित्रातल्याच एका दोषातून अचूक जागा काढण्याची ही युक्ती मला अतिशय सुंदर वाटते.

प्रोग्रामने दिलेली जागा तपासून घ्यावीच. शून्य सरकलं असेल तर एकच रेषा डाव्या भुजेवर लांब आणि उजवीवर आखूड तरंगलांबीला दिसते, किंवा याच्या उलट. सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जुनी निरीक्षणंही खुली आहेत. पिंपरीतल्या विद्यार्थ्याला घरच्या लिनक्सवर हे करून पाहता येतं.

पुण्यात आयुका या खगोलसंस्थेत अशाच सॉफ्टवेअरचं अतिनील भावंड घडलं. सप्टेंबर 2015 मध्ये अवकाशात गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीतही ग्रेटिंग आहेत. आयुकातले खगोलशास्त्रज्ञ गुलाब देवांगन यांनी त्यांचं अंशांकन केलं आणि ज्युलिया भाषेत यूव्हीआयटीटूल्स हा संच लिहिला. तरंगलांबीसाठी एनजीसी 40 हा ग्रहीय तेजोमेघ वापरला, तर तेजासाठी एचझेड 4 हा श्वेतबटू. दूर-अतिनीलच्या दोन ग्रेटिंग एकमेकींशी जवळपास काटकोनात बसवल्या आहेत. त्यामुळे एकीत शेजारच्या ताऱ्याचा वर्णपट आपल्या ताऱ्याच्या वर्णपटावर चढलाच, तर दुसरीत तो बाजूला पडतो.