बॉनेटखालची नजरेआड वायर

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करताना तिच्या इंजिनकक्षातील, म्हणजे बॉनेटखालच्या ज्या खणात इंजिन बसवलेले असते त्या खणातील, वायरी, रिले, फ्यूजच्या पेट्या आणि रबरी नळ्या नजरेआड करण्याची पद्धत आता जगभर रूढ झाली असून, नव्याने रंगवलेला पत्रा, चकचकीत व्हॉल्व्ह-कव्हर आणि कार्बोरेटर यांखेरीज डोळ्यांत भरेल असे काही तेथे उरू नये, हा तिच्यामागचा हेतू असतो. अमेरिकेतील हॉट-रॉड मोटारींच्या परंपरेत ही आवड विशेष जोपासली गेली. भारतातही राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्स कार क्लबच्या जयपूरमधील मेळाव्यात किंवा व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या मुंबईतील रॅलीत गाड्या बॉनेट उघडून उभ्या केल्या जातात तेव्हा प्रेक्षकांची नजर आधी इंजिनाच्या खणाकडे वळते. वायर कोठून न्यावी आणि कशामागे दडवावी, हा प्रश्न वरकरणी सजावटीचा वाटला तरी त्याचे उत्तर विद्युतशास्त्र आणि उष्णताशास्त्र यांच्याकडेच मागावे लागते, आणि ते न मागता केलेली सफाई पुढे गाडीच्या जिवावर बेतू शकते.

भारतीय रस्त्यांवरच्या ज्या दोन गाड्यांवर हे काम सर्वाधिक होण्यासारखे आहे, त्या म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात फियाट ११०० च्या आराखड्यावर तयार झालेली आणि पुढे चित्तोडच्या राणीचे नाव धारण करणारी पद्मिनी, आणि उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली, २०१४ पर्यंत उत्पादनात राहिलेली अँबॅसेडर. पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आपल्या खणात इतके सुटसुटीत बसते की पाना आणि हात दोन्ही सहज आत जातात. परंतु त्याच मोकळेपणामुळे डायनामो, कटआऊट म्हणजे डायनामोचा विद्युतदाब नियंत्रित करणारी पेटी, इग्निशन कॉइल, हॉर्न आणि त्यांना जोडणाऱ्या वायरींचा जुडगा हे सारे उघड्यावर राहते. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची कारकीर्द अधिकृतपणे संपल्यानंतर, खासगी मालकांकडे उरलेल्या पद्मिनी गाड्यांना जपण्याजोग्या वस्तूचे मोल आले आहे.

मोटारीची विद्युतव्यवस्था घरातील व्यवस्थेपेक्षा मुळातच वेगळी असते, कारण तेथे दाब अवघा १२ व्होल्ट असल्याने तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कितीतरी अधिक लागतो. ६० वॉटचा दिवा घरातल्या २३० व्होल्टवर पाव अँपियरच्या आसपास प्रवाह घेतो, तर मोटारीत तेवढ्याच शक्तीचा हेडलाइट ५ अँपियर घेतो आणि दोन हेडलाइट मिळून १० अँपियर होतात. वायरीतून प्रवाह जाताना तिच्या रोधामुळे काही दाब वाटेतच खर्ची पडतो. या घटीला दाबपात म्हणतात, आणि ती प्रवाह व रोध यांच्या गुणाकाराएवढी असते. बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत आणि तेथून परत पुढे दिव्यापर्यंत जाणारी वायर एकूण ६ मीटर लांब आणि १.५ चौरस मिलिमीटर छेदाची धरली, तर तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम येतो आणि १० अँपियरला ०.७ व्होल्ट वायरीतच संपतात. स्विचचे झिजलेले संपर्क आणि गंजलेले जोड त्यात आणखी भर घालतात. तापतारेच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात न घटता त्याहून फार वेगाने घटतो, त्यामुळे दाब १० टक्क्यांनी उतरला की उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. वायर दडवण्यासाठी तिला मडगार्डच्या आतून वळसा घालून नेले की लांबी वाढते, आणि जाडी तीच ठेवली तर त्या सुबकतेची किंमत रात्रीच्या रस्त्यावरच्या उजेडात मोजावी लागते.

यावरचा शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे रिले. रिले हा विद्युतचुंबकावर चालणारा स्विच असून, त्याच्या गुंडाळीला अवघा ०.१५ अँपियरच्या आसपासचा प्रवाह पुरतो आणि तेवढ्यावर तो हेडलाइटचा १० अँपियरचा मार्ग उघडतो वा बंद करतो. रिले पुढच्या मडगार्डच्या आतल्या बाजूस, दिव्यांच्या जवळ बसवला तर मोठ्या प्रवाहाची जाड वायर आखूड राहते, डॅशबोर्डकडून येणारी नियंत्रणाची वायर बारीक घेता येते आणि मूळ जुना स्विचही जळण्यापासून वाचतो. इंजिनकक्ष स्वच्छ दिसणे आणि दिवे तेजाळणे ही दोन्ही उद्दिष्टे येथे एकाच कृतीने साधतात, म्हणूनच या साऱ्या कलेतील सर्वांत समाधानकारक भाग हाच म्हणावा लागेल.

वायरीवरच्या आवरणाचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही, आणि उत्तर भारतातील कोरड्या प्रदेशात तो अधिकच बिकट होतो. जयपूरच्या पश्चिम भागातील खातीपुऱ्यात मे-जूनच्या दुपारी पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. अशा वेळी गाडी चालवून उन्हात उभी केली की पंखा आणि वाऱ्याचा झोत दोन्ही थांबतात, पण इंजिनाच्या लोखंडात साठलेली उष्णता बाहेर पडतच राहते, आणि इंजिन बंद केल्यानंतरची काही मिनिटे बॉनेटखालचे तापमान उतरण्याऐवजी चढते. साधे पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतच्या सततच्या वापरासाठी योग्य मानले जाते, उष्णतारोधक पीव्हीसी १०५ अंशांपर्यंत आणि रेणूसाखळ्या एकमेकींत बांधून कणखर केलेले पॉलिएथिलीन १२५ अंशांपर्यंत टिकते. तापमान दर १० अंशांनी वाढले की आवरणाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा विद्युत अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. शिवाय तांब्याचा रोध स्वतःच उष्णतेने वाढतो, आणि २० अंशांवरचा रोध ८० अंशांवर सुमारे २४ टक्क्यांनी अधिक भरतो. उघडी वायर निदान हवेत उष्णता सोडू शकते. तीच पाच-दहा वायरींच्या जुडग्यात, प्लॅस्टिकच्या नळीत आणि वर पत्र्याच्या पोकळीत कोंडली की तिची उष्णता बाहेर पडण्याची वाट खुंटते. म्हणून दडवलेली वायर उघड्या वायरीपेक्षा एक पायरी जाड घेणे आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, म्हणजे जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या तापट नळांपासून, तिला शक्य तितके दूर ठेवणे हा या कामातील पहिला नियम ठरतो. खातीपुऱ्याच्या उन्हात उभी राहणारी गाडी आणि पुण्याच्या हवेत राहणारी गाडी यांचे वायरिंग एकाच मापाने करणे शहाणपणाचे नाही.

वायर आणि पत्रा यांची भेट जेथे होते ती जागा जवळून पाहण्यासारखी असते. इंजिनकक्ष आणि प्रवासीकक्ष यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीत वायर आरपार नेण्यासाठी ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड पात्यासारखी धारदार असते. तिच्यावर इंजिनाच्या कंपनाने वायर दर मिनिटाला शेकडो वेळा घासत राहते, आधी आवरणावर एक चमकदार रेघ उमटते, मग तिच्यातून तांबे डोकावते आणि एके दिवशी ते पत्र्याला टेकते. भोकाची कड कानसून, तिला रंगाचा हात देऊन त्यात ग्रोमेट, म्हणजे खाच असलेले रबरी कडे, बसवले की हा धोका टळतो. अर्थिंगचे दुखणे याच्या नेमके उलटे असते. मोटारीत प्रवाह परत नेण्यासाठी गाडीचा पत्राच वापरला जातो, आणि म्हणून अर्थच्या वायरीचा लग, म्हणजे तिच्या टोकाचे धातूचे कडे, जेथे बोल्टने आवळायचा तेथला पत्रा उघडा व स्वच्छ हवा. परंतु जीर्णोद्धारात इंजिनकक्षाला रंगाचे अनेक थर चढतात आणि तो रंग उत्तम विद्युतरोधक असतो. नवी कोरी दिसणारी गाडी सेल्फ घेत नाही, दिवे मिणमिणतात, हॉर्न घोगरा वाजतो, या तक्रारींचे मूळ अनेकदा वॉशरखालच्या त्या नाण्याएवढ्या रंगात असते.

स्पार्क प्लगच्या वायरी दडवताना चुंबकीय प्रवर्तनाचा विचार करावा लागतो. इग्निशन कॉइल १२ व्होल्टच्या प्रवाहापासून काही हजार, प्रसंगी २० हजारांहून अधिक व्होल्टचा क्षणिक दाब निर्माण करते. हा दाब ज्या वायरीतून जातो तिच्याभोवतीचे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र इतक्या झपाट्याने बदलते की शेजारून समांतर धावणाऱ्या दुसऱ्या वायरीतही दाबाचा झटका उत्पन्न होतो. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो, म्हणजे शेजारी असलेले तिसरे आणि चौथे सिलिंडर लागोपाठ पेटतात. या दोन प्लगच्या वायरी नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून एकत्र बांधून लांबवर नेल्या, तर तिसऱ्याच्या ठिणगीने चौथ्यात अवेळी ठिणगी पडण्याची शक्यता निर्माण होते आणि इंजिन धक्के देऊ लागते. जुन्या कारखान्यांनी या वायरींसाठी खाचा असलेले धारक दिले होते, त्यामागे हेच कारण होते. त्यांतील अंतर राखणे आणि दुसरी वायर ओलांडावी लागल्यास काटकोनात ओलांडणे, एवढी शिस्त पाळली की हा त्रास होत नाही.

बॅटरी डिकीत हलवणे हा इंजिनकक्ष मोकळा करण्याचा सर्वांत धाडसी प्रकार होय. छोटे चार सिलिंडरचे इंजिन फिरवताना स्टार्टर मोटर १५० अँपियरच्या आसपास प्रवाह ओढते. डिकीपासून पुढे ४.५ मीटर केबल १६ चौरस मिलिमीटरची टाकली तर ०.७ व्होल्टहून अधिक दाब वाटेत जातो, ३५ चौरस मिलिमीटरची टाकली तर ही घट ०.३३ व्होल्टवर येते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ही केबल सीटखालून आणि गालिच्याखालून जाते, आणि तिच्यावर बॅटरीलगत मोठा फ्यूज नसेल तर कोठेही आवरण फाटून ती पत्र्याला टेकताच शेकडो अँपियर वाहू लागतात आणि काही सेकंदांत केबल लालबुंद होते. ॲसिड-पाण्याची साधी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. म्हणून डिकीतील बॅटरीला बंद पेटी आणि गाडीबाहेर जाणारी वायुनळी आवश्यकच आहे.

फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, हा समज मोटारीच्या बाबतीत बराचसा चुकीचा आहे. तो मुख्यतः वायरीच्या रक्षणासाठी असतो आणि त्याचे मूल्य वायरीच्या जाडीवरून ठरवावे लागते. १९५० च्या दशकातील अनेक ब्रिटिश गाड्यांत दोनच फ्यूज असत आणि हेडलाइटच्या मार्गावर एकही नसे. वायर डोळ्यांसमोर होती तोवर धूर दिसताच चालक बॅटरीची तार काढू शकत होता. तीच वायर पोकळीत गेल्यावर जुन्या पद्धतीच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे, त्यामुळे दडवलेल्या प्रत्येक मार्गाला स्वतंत्र फ्यूज देणे अपरिहार्य ठरते. पेट्रोलच्या रबरी नळ्या तर दडवूच नयेत. सध्याच्या इंधनात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि जुन्या प्रकारचे रबर त्याच्यामुळे फुगते, मऊ पडते व तडकते. उघड्यावरची गळती डोळ्यांना दिसते, पोकळीतली दिसत नाही. उंदरांनाही अशा पोकळ्या प्रिय असतात.

या साऱ्या खटाटोपाची एक सांस्कृतिक बाजूही आहे. ब्रिटिश मोटारींच्या वायरींचे रंग ठरलेले होते: तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट येणारी, पांढरी म्हणजे इग्निशन चावीतून येणारी, हिरवी म्हणजे त्याच चावीतून पण फ्यूजमार्गे येणारी, निळी हेडलाइटची, लाल मागच्या व बाजूच्या दिव्यांची आणि काळी अर्थची. सुती विणीने गुंडाळलेला तो रंगीत जुडगा त्या काळच्या अभियांत्रिकीचा दस्तऐवज असतो आणि तो कापून एकाच काळ्या वायरीने सारे जोडणाऱ्या कारागिराच्या हातून पुढच्या दुरुस्तीची वाटच पुसली जाते. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचा रोख बदल मोजके, नोंदलेले आणि शक्यतो मागे घेता येण्याजोगे असावेत, असा आहे. भारतात २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय झाली असून, त्यासाठी चेसिस, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. पत्र्यातील मूळ भोके वेल्ड करून बुजवणे हा परत न फिरणारा बदल आहे. रिले मडगार्डमागे बसवणे हा तसा नाही. जुन्या कटआऊटच्या पेटीचे मूळ कवच जागेवर ठेवून आत आधुनिक नियंत्रक बसवणे हा मार्ग मूळ रूप आणि नवी सोय या दोन्ही टोकांना सांभाळतो, आणि जाणकार जीर्णोद्धारक तो पसंत करतात.

तेव्हा ज्या मालकाला आपल्या पद्मिनीचा वा अँबॅसेडरचा इंजिनकक्ष स्वच्छ करायचा असेल, त्याने काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वायरीचे छायाचित्र घ्यावे, काढलेला मूळ जुडगा फेकून न देता बांधून ठेवावा, नव्या वायरींचा नकाशा रंग, जाडी आणि फ्यूज यांच्या नोंदीसह कागदावर काढून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा, आणि पुढच्या वायरमनला दोन स्क्रू काढून पोहोचता येणार नाही अशा जागी कोणताही जोड दडवू नये.