माउस हलवला की खेळ का अडखळतो?

घरचा संगणक : भाग ९

खेळ रंगात आलेला असतो. पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे निघतात त्याचा, आकडा १४० च्या आसपास स्थिर असतो. नेमका समोर कोणी आला, मनगट झटक्यात वळवले, की चित्राला गचका बसतो. क्षणभर सगळे गोठते, मग उडी मारून पुढे जाते. हात थांबवला की पुन्हा लोण्यासारखे मऊ.

जबलपूरच्या राइट टाउन, नेपियर टाउन, गोलबाजार इथल्या मराठी घरांतली मुले ही तक्रार वारंवार सांगतात, आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो: मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये जायचे आणि नवे ग्राफिक्स कार्ड किंवा जास्तीची रॅम घेऊन यायचे. पंधरा-वीस हजार रुपये जातात आणि गचका तसाच राहतो. ज्या घरात हा खर्च महिन्याच्या हिशेबात बसवावा लागतो, तिथे तो चुकीच्या जागी होऊ नये असे मला कळकळीने वाटते. वर सांगितलेले लक्षण नीट वाचा: हात हलतो तेव्हाच गचका बसतो, थांबला की जातो. हे दिसत असेल तर पैसे काढण्याआधी माउसच्या सेटिंगकडे बघायला हवे, कारण ते फुकट बदलता येते.

त्यासाठी माउस संगणकाशी बोलतो कसा, हे आधी समजून घेऊ. यूएसबीवर जोडलेला माउस आपणहून काही सांगत नाही. संगणक ठरावीक अंतराने त्याला विचारत राहतो आणि हालचाल झाली असेल तर तो तेवढी कळवतो. एका सेकंदात असे किती वेळा विचारले जाते, तो पोलिंग रेट. ऑफिसच्या साध्या माउसला विंडोज दर ८ मिलिसेकंदांनी विचारते, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा. यूएसबीच्या ‘फुल स्पीड’ जोडणीत हे अंतर १ मिलिसेकंदापर्यंत खाली येते, म्हणजे १००० वेळा. पुढे यूएसबी २.० च्या ‘हाय स्पीड’ जोडणीत एका मिलिसेकंदाचेही आठ तुकडे झाले आणि ८००० ची वाट मोकळी झाली. खेळांसाठीच्या माउसच्या खोक्यावर १२५, ५००, १०००, ८००० हे आकडे दिसतात ते इथून येतात.

अडखळणे या पट्टीच्या दोन्ही टोकांना होते, पण दोन्हीकडची कारणे वेगळी आहेत.

खालच्या टोकाचे आधी बघू. समजा पडदा १४४ हर्ट्झचा आहे आणि खेळही सेकंदाला १४४ चित्रे काढतो आहे. माउसकडून मात्र सेकंदाला १२५ च निरोप येतात. मग दर सेकंदाला किमान १९ चित्रे अशी निघतात की हात कुठे गेला याची नवी खबरच त्यांच्याकडे नसते. हात सलग फिरतो, पण पडद्यावरची नजर मधूनमधून जागीच थांबते. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावरही हे पूर्ण टळत नाही. तिथे बहुतेक चित्रांच्या वाट्याला दोन निरोप येतात आणि दर बाराव्या चित्राला तीन, त्यामुळे वेग बारीकसा विस्कटतो. म्हणून जुन्या ऑफिसच्या माउसवर नेमबाजीचा खेळ खेळणाऱ्या मुलाला ‘काहीतरी खटकतंय’ असे वाटते, ते खरे असते. एफपीएसचा आकडा मात्र यात कुठेच पडलेला दिसत नाही, कारण चित्रे पूर्ण निघतच असतात.

वरच्या टोकाचा प्रकार अलीकडचा आणि जास्त त्रासदायक. २०२१ च्या सुरुवातीला रेझर कंपनीने ‘व्हायपर ८के’ हा सेकंदाला ८००० निरोप देणारा माउस बाजारात आणला. मग इतर कंपन्याही त्या शर्यतीत उतरल्या, आणि आज मोठा आकडा हाच विक्रीचा मुद्दा झाला आहे. पण प्रत्येक निरोपाचे काम शेवटी प्रोसेसरवर येते. निरोप आला की त्याला हातातले काम बाजूला ठेवून दखल घ्यावी लागते, विंडोजमधून तो निरोप खेळापर्यंत पोचतो, आणि खेळ त्यावरून नजर किती वळवायची ते ठरवतो. सेकंदाला १४४ चित्रे काढायची तर एका चित्रासाठी जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात १००० च्या माउसचे सुमारे ७ निरोप येतात आणि ८००० च्या माउसचे सुमारे ५५.

खेळ हे निरोप कसे वाचतो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. काही खेळ साचलेले निरोप गठ्ठ्याने उचलतात. त्यांना ५५ चे फारसे ओझे होत नाही. पुष्कळ खेळ, विशेषतः जुने, एकेक निरोप वेगळा घेतात आणि प्रत्येकासाठी तेच ते काम पुन्हा करतात, तेही प्रोसेसरच्या ज्या धाग्यावर (थ्रेडवर) खेळाचे मुख्य काम चालते त्याच धाग्यावर. तिथे चित्राला उशीर होतो आणि तोच गचका. ‘व्हॅलरंट’मध्ये ‘रॉ इनपुट बफर’ नावाचा पर्याय दिला आहे तो याचसाठी. ८००० च्या माउसला त्याचा उपयोग होईल असे खेळातच लिहिलेले असते. तुमच्या घरी तो खेळ आणि तसा माउस असेल तर हा पर्याय सुरू करून बघा.

आता एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. ८००० चा माउस नेहमी ८००० निरोप देत नाही. हात स्थिर असेल तर सांगण्यासारखे काही नसते, आणि प्रोसेसरला कोणी त्रास देत नाही. किती निरोप जातील हे हाताच्या वेगावर आणि डीपीआयवर ठरते. डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला तर तो किती पावले मोजतो. ४०० डीपीआयवर सेकंदाला पाच इंच वेगाने हात फिरवला तर पावलेच २००० होतात, म्हणजे सरळ रेषेत निरोपही फार तर तेवढेच. तोच हात १६०० डीपीआयवर ८००० चा आकडा गाठतो. गोळीबारात मनगट याहून वेगाने जाते. म्हणून शांतपणे फिरताना सगळे ठीक असते आणि नेमक्या चकमकीत, जिथे जिंकणे-हरणे ठरायचे, तिथे निरोपांचा पूर येतो. मुलगा म्हणतो, ‘महत्त्वाच्या वेळीच अटकतो’, आणि घरचे ती सबब समजतात. ती सबब नसते. त्याचे निरीक्षण अचूक असते, आणि त्याला ते तसे सांगायलाही हवे.

गचक्यात भर घालणारे आणखी काही मागच्या बाजूला चाललेले असते. माउसची हालचाल एकटा खेळच ऐकतो असे नाही. बोलण्यासाठीचे डिस्कॉर्ड, रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम, खेळावर तरंगणाऱ्या खिडक्या, माउसचे आणि रंगीत दिव्यांचे सॉफ्टवेअर यांपैकी काही प्रोग्रॅम तेच निरोप आपल्याकडेही मागवत असतात. जितके ऐकणारे, तितक्या प्रती विंडोजला काढाव्या लागतात. हे इतके जाचक ठरले की २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीत बदल केला: मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमना सगळे निरोप न देता ते एकत्र करून, मर्यादित वेगाने द्यायचे. वेगवान माउसमुळे खेळ अडखळू नये, हाच त्याचा जाहीर हेतू होता. त्यामुळे विंडोज ११ चे अपडेट महिनोन्महिने अडवून ठेवले असतील तर आधी ते होऊ द्या. जुन्या विंडोजवर असाल तर खेळताना नको असलेले प्रोग्रॅम स्वतः बंद करणे हाच मार्ग.

मग दोष माउसचाच आहे हे ओळखायचे कसे? एफपीएसचा आकडा इथे फसवतो, कारण तो सरासरी दाखवतो. सेकंदात १४० चित्रे निघाली, पण त्यातले एक ५० मिलिसेकंद उशिरा आले, तर आकडा जवळपास तसाच राहतो आणि डोळ्याला मात्र ठेच लागते. म्हणून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ दाखवणारा आलेख हवा. इंटेलचा प्रेझेंटमॉन किंवा एमएसआय आफ्टरबर्नर हे दोन्ही फुकट मिळतात. खेळातल्या सरावाच्या मैदानात जा, जिथे दुसरे कोणी नसते. माउसवरून हात उचला आणि फक्त कीबोर्डवर पुढे-मागे, डावी-उजवीकडे चाला. आलेख बघा. मग एका जागी उभे राहा आणि माउस जोरात गोल फिरवा. पहिल्यात आलेख सपाट आणि दुसऱ्यात सुळके, असे दिसले की खूप काही कळले. पण नजर वळली की नवे दृश्य काढावे लागते, त्यामुळे थोडा चढउतार स्वाभाविक आहे. खात्रीसाठी पोलिंग रेट ८००० किंवा ४००० वरून १००० वर आणा आणि तेच गोल पुन्हा फिरवा. सुळके गेले तर निकाल लागला. थोडे उरले तर ५०० करून बघा. एका वेळी एकच सेटिंग बदलायचे, ही शिस्त मोडू नका. डीपीआय, पोलिंग, ग्राफिक्स हे सगळे एकदम बदलले की गचका कशामुळे गेला हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हा बदल माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये करता येतो. काही माउसना पोटाखाली बटण असते. माउसला स्वतःची मेमरी असेल तर सेटिंग तिच्यात साठवा आणि सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा. दिवे चमकत ठेवण्यासाठी ते सतत चालू राहत असेल तर दिव्यांचा एक साधा रंग माउसमध्येच साठवलेला बरा.

माझे मत स्पष्ट आहे: बहुतेक घरांसाठी १००० पुरेसे. १२५ वरून १००० वर गेल्यावर निरोपाची सरासरी वाट ४ मिलिसेकंदांवरून अर्ध्या मिलिसेकंदावर येते. हा फरक हाताला कळतो. १००० वरून ८००० वर गेल्यावर जो वाचतो तो अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र जवळजवळ १७ मिलिसेकंद टिकते, तिथे त्या बचतीला काही अर्थ उरत नाही. २४० किंवा ३६० हर्ट्झचा पडदा आणि ताजा, दणकट प्रोसेसर असेल तरच ८००० चा विचार करावा. वडिलांच्या कामासाठी घेतलेल्या जुन्या चार कोअरच्या संगणकावर तो आकडा लावणे म्हणजे स्वतःच्या हाताने खेळ बिघडवणे.

बिनतारी माउसची गोष्ट वेगळी. तिथे चित्र थांबत नाही, आलेखही सपाट असतो, पण निशाणा उड्या मारतो. कारण निरोप वाटेत हरवतात. २०१२ मध्ये इंटेलने एका टिपणात दाखवून दिले की यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि बिनतारी माउस त्याच पट्ट्यात बोलतो. यूएसबी ३.० च्या निळ्या पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क आणि तिच्या शेजारीच माउसचे निरोप झेलणारा छोटा डोंगल, अशी मांडणी असेल तर त्रास होणारच. डुमना रोडच्या ट्रिपल आयटीच्या वसतिगृहासारख्या ठिकाणी तर एकाच खोलीत वायफाय, ब्लूटूथचे हेडफोन आणि तीन-चार डोंगल यांची गर्दी होऊ शकते. यूएसबीची छोटी एक्स्टेंशन वायर घ्या, डोंगल कॅबिनेटच्या मागून काढून टेबलावर माउसपासून वीतभर अंतरावर ठेवा. माउसची बॅटरी वाचवण्याचा मोडही बंद करा. तार जोडून खेळता येत असेल तर तार जोडून बघणे ही सगळ्यात सोपी चाचणी. आणि वेगवान खेळांसाठी माउस ब्लूटूथवर जोडू नका, डोंगलच वापरा.

टेबलाचा पृष्ठभागही एकदा तपासा. भेडाघाट इतके जवळ असल्यामुळे आपल्याकडे संगमरवराची हौस मोठी, पण गुळगुळीत चकाकत्या दगडावर किंवा काचेवर माउसच्या सेन्सरला धरायला खुणा मिळत नाहीत आणि निशाणा सरकतो. साधे कापडी पॅड पुरे. विंडोजमधले ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद केले की गचका जातो असे बरेच जण सांगतात. त्याने गचका जात नाही. ते हाताच्या वेगानुसार अंतर बदलते, त्यामुळे निशाण्याची सवय बसत नाही म्हणून बंद ठेवावे, इतकेच. आणि जे खेळ माउसचे निरोप थेट वाचतात त्यांच्यावर त्याचा परिणामही होत नाही.

हे सगळे करूनही, माउसला हात न लावता आलेखावर सुळके येत असतील, किंवा खेळ सुरू केल्यावर वीस मिनिटे ठीक चालून मगच गचके लागत असतील, तर माउस निर्दोष आहे. मे महिन्यात जबलपूरचा पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा बंद खोलीतला लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि लक्षण जवळजवळ असेच दिसते. पुढच्या भागात त्या उष्णतेबद्दल: तापमान कुठे बघायचे, पंख्यातली धूळ कशी काढायची आणि चित्रांच्या संख्येला मर्यादा घातल्याने खेळ उलट सुरळीत का होतो.