बालकाचा श्वास आणि अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

परिग्रहपरिमाण व्रतामुळे परिमाणाचे महत्त्व आपणा श्रावकांस नवे नाही. लहान मुलास भूल देताना श्वासनलिकेत जी नळी घालतात, तिच्या बाबतीत तर अर्ध्या मिलिमीटरचाही हिशेब असतो. ४ मिलिमीटर व्यासाच्या श्वासमार्गास आतून चहूकडे १ मिलिमीटर सूज आली, तर पाऊण वाट बंद होते. नळी जाड झाली तर अशी सूज येण्याचे भय. बारीक झाली तर हवा बाजूने निसटते.

दोन वर्षांवरील मुलाच्या वयाला ४ने भागून त्यात ४ मिळवावेत, ही रूढ रीत. नळीला फुगा असल्यास साडेतीन. म्हणजे सहा वर्षांच्या मुलास साडेपाच किंवा पाच मिलिमीटरची नळी. हा अंदाजच असल्याने भूलतज्ज्ञ लगतच्या मापांच्या नळ्याही हाताशी ठेवतात.

म्हणून यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो वा अन्य कोणते, पालकांनी शाळेच्या दाखल्यावरचे नव्हे, तर खरे वय सांगावे. नुकतीच झालेली सर्दी, अपुऱ्या दिवसांचा जन्म, हलणारा दात, काहीही लपवू नये. येथे सत्यकथन हेच जीवरक्षण होय.