आधी सावकाराची पावती, मग सरकारची

आजच्या आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा महादेव कोळी होन्या भागोजी केंगले १८७३च्या सुमारास सावकारांच्या मागे लागला. त्याच्या टोळ्या घरं लुटत, काही सावकारांची नाकंही कापत. दहशत अशी बसली की पुणे-नगरच्या पश्चिम पट्ट्यातल्या सावकारांनी गाशा गुंडाळला. होन्या हाती लागला तो १८७६ साली. तोवर सपाटीवरही भडका उडाला होता. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. माणसं मारण्यापेक्षा कागद नष्ट करण्यावर त्यांचा भर होता.

कागदावरच राग का? अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, त्यातच शेतसारा वाढला. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. ती रयतेच्या सोयीसाठी होती म्हणे! सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घेऊ लागले. निरक्षर कुणब्याचा अंगठा उठला की कोर्टाला तेवढं पुरे.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांत आता न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मुळात किती पैसे दिले हे तपासता येऊ लागलं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. हप्ते बांधून मिळू लागले. आणि दिलेल्या प्रत्येक पैशाची लेखी पावती मागण्याचा हक्क कुळाला आला. या कायद्याखालच्या निवाड्यांवर देखरेख करणाऱ्यांत पुढे न्यायमूर्ती रानडेही होते.

जर्मनीत बिस्मार्कचा आजारविमा आला १८८३ला. कल्याणकारी राज्याचा इतिहास बहुधा तिथून सांगतात. पण दोन माणसांनी राजीखुशीने केलेल्या करारात सरकारने गरिबाच्या बाजूने पडणं त्याआधीच आपल्याकडे घडलं होतं. त्यामागे दयेपेक्षा भीतीचा वाटा मोठा होता, हेही खरं.

शिवाय सरकारने आपला शेतसारा या कायद्याबाहेरच ठेवला. सावकाराचा हिशेब तपासायचा, स्वतःचा नाही! जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सावकाराइतकंच सरकारी खात्यांना झोडपलं ते उगाच नव्हे. आणि ज्याच्याकडे ना जमीन, ना पत, त्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातल्या मजुराला खताच्या तपासणीचा उपयोग काय होणार? त्याला हवं होतं काम.

ते हक्क म्हणून मिळायला शतक गेलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला, १९७२च्या दुष्काळाने तो राज्यभर नेला. पैसा उभा करायला १९७५पासून शहरी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. १९७७चा कायदा २६ जानेवारी १९७९ला अमलात आला. आता देणेकरी सरकार होतं: मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. भत्त्याची किमान रक्कम होती दिवसाला एक रुपया. काम मागण्याचा अर्ज द्यायचा, त्यावर तारखेची पावती घ्यायची. पावती नसेल तर भत्त्याचा दावा टिकत नसे.