चिनी स्थलांतरितांच्या कुटुंबकथांतील माता

अमेरिकेतील चिनी कुटुंबांच्या कथा वाचताना मातेचे दुःख केवळ वात्सल्यातून उपजलेले मानले, तर अर्धी कथा हातची निसटते. त्या दुःखामागे कायदाही उभा आहे. चिनी मजुरांवर १८८२ साली घातलेली प्रवेशबंदी १९४३ साली उठली, तीही वर्षाला अवघ्या १०५ जणांपुरती. पती परदेशी व पत्नी गावी, असे कित्येक संसार दुभंगूनच चालले.

मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांच्या ‘द वुमन वॉरियर’ (१९७६) या आत्मकथनातील माता अशीच मागे राहिलेली. तिची दोन मुले चीनमध्ये वारली. पतीने धाडलेल्या पैशांतून ती वैद्यक व सुईणपण शिकली. अमेरिकेत मात्र तिच्या वाट्यास कपडे धुण्याचे दुकान आले. ग्रंथारंभी ती मुलीला आत्याची गोष्ट सांगते: पती परदेशी असता ती गरोदर राहिली, गावाने घर उद्ध्वस्त केले, तिने अर्भकासह विहिरीत जीव दिला. ही गोष्ट कोठे बोलू नये, अशी ताकीदही माताच देते. दुःख सांगणारी व त्यावर झाकण ठेवणारी एकच, हे विलक्षण नव्हे काय?

एमी टॅन यांच्या ‘द जॉय लक क्लब’ (१९८९) या कादंबरीतील सुयुआन युद्धकाळच्या क्वेलिनची हकीकत मुलीला वारंवार सांगते, आणि दर वेळी शेवट बदलते. खरा शेवट फार उशिरा बाहेर येतो: जपानी सैन्यापुढून पळताना तिने आपल्या जुळ्या मुली वाटेवर ठेवल्या होत्या. त्या का ठेवल्या, हे तिच्या मृत्यूनंतर पिता सांगतो. आमांशाने जर्जर झालेल्या तिला आपण मरणार अशी खात्री वाटली होती. मरत्या आईपाशी राहून मुली वाचल्या नसत्या. तिने त्यांच्यापाशी दागिने, पैसे व पत्ता ठेवला.

फ्रँक चिन यांनी या दोन्ही लेखिकांवर चिनी परंपरा विपर्यस्त केल्याचा आक्षेप घेतला. मरणोन्मुख मातेसाठी स्वतःच्या दंडाचे मांस रश्शात घालणाऱ्या कन्येचा टॅन यांचा प्रसंग वाचताना तो आम्हांस सर्वस्वी निराधार वाटत नाही. सुयुआनच्या कथेस मात्र तो लागू पडत नाही; तिच्यात नवलाईचा सोस नाही.

मराठी मुलखाबाहेर मराठी शिकविणाऱ्यांनी एक तपशील अवश्य पाहावा. पिता ही हकीकत इंग्रजीतून सांगू लागतो, तोच अमेरिकेत वाढलेली मुलगी त्यास थांबविते, आणि ती चिनीतून सांगावयास विनविते.